सायकियाट्री वॉर्डात मनोविश्लेषण कसं वापरायचं, तेही कोचाशिवाय

मनोविश्लेषण (नकळत मनात चाललेलं समजून घ्यायची पद्धत) म्हटलं की कोचावर आडवा झालेला पेशंट आणि मागे बसलेला डॉक्टर एवढंच डोळ्यासमोर येतं, मग वॉर्डातले लोक म्हणतात आम्हाला कुठे तेवढा वेळ. खरंय. पण वॉर्डात ते पेशंटची स्वप्नं उलगडायला नाही, आपल्या टीमचं काय होतंय ते कळायला जास्त कामाला येतं.

सुरुवात स्वतःपासून करा. एका पेशंटच्या खोलीत जाताना पोटात गोळा येतो, दुसऱ्यासाठी ड्युटी संपल्यावरही थांबावंसं वाटतं, तिसऱ्याचा उगाच राग येतो, हे टिपून ठेवा (केसपेपरवर नाही, डोक्यात!). याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या दृष्टीने ती अडचण होती, पण मनोविश्लेषक पॉला हायमननी १९५० मध्ये मांडलं की पेशंटला समजून घ्यायला ती उपयोगी पडते. पण म्हणून लगेच 'मला राग आला म्हणजे तोच चिडलाय' असं धरून चालू नका, कधी कधी आपली सलग तिसरी नाइट असते, बाकी काही नाही.

शांत करायचं जादा इंजेक्शन द्यायच्या आधी एक प्रश्न विचारा, सहन कुणाला होत नाहीये, पेशंटला की मला? ब्रिटिश मनोविश्लेषक टॉम मेननी १९५७ मध्ये नर्सेसच्या अनुभवावरून हेच लिहिलं, की स्वतःची सहनशक्ती संपली की हात औषधाकडे जातो. गरज असेल तर जरूर द्या, फक्त का देतोय ते माहीत असू दे.

सगळ्यात महत्त्वाचं स्प्लिटिंग, म्हणजे माणसांची पूर्ण चांगले आणि पूर्ण वाईट अशी वाटणी. पेशंटला एक सिस्टर देवमाणूस वाटते, दुसरी दुष्ट, आणि स्टाफचेही दोन गट पडतात, 'बिचारा आहे' आणि 'नाटकं करतो'. स्टँटन आणि श्वार्ट्झ या संशोधकांना अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात दिसलं होतं की स्टाफमधले मतभेद दबलेले असले की पेशंट बिथरतो, आणि ते उघड बोलले गेले की निवळतो. तर आठवड्यातून एकदा दोन्ही गटांना एकत्र बसवा, नाइटच्या सिस्टरलाही, आणि कोण बरोबर ते ठरवू नका, दोघांना त्याच पेशंटचे वेगवेगळे तुकडे दिसलेत असं समजून जोडून बघा. सिनियरने शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे माना डोलावतात.

पेशंट तीव्र सायकोसिसमध्ये (वास्तवाचं भान सुटलेलं) असताना 'तुला माझ्यात वडील दिसतात' असले अर्थ तोंडावर फेकू नका. 'खूप भीती वाटतेय ना, मी इथेच आहे' एवढं पुरतं. औषधं, आत्महत्येच्या धोक्याची तपासणी, सगळं नेहमीसारखंच चालू.

आणि डिस्चार्जची तारीख सांगितल्यावर लक्षणं उसळली तर नेहमीची तपासणी कराच, पण डोस वाढवायच्या आधी जायचं कसं वाटतंय तेही विचारा.