बोनस बघून राज्य घेताय? मग या चुका टाळा

फोंड्याला वीज टिकली की भाचा संगणकावर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा राज्य चालवण्याचा खेळ लावतो आणि दर वेळी पोर्तुगाल घेतो. "मामा, त्यांना आरमाराचा बोनस, वसाहतींचा बोनस. गोवा कुठे जातोय?" अर्ध्या तासात त्याच्यावर कर्ज झालेलं असतं.

त्याची पहिली गफलत हीच, की राज्याच्या बोनसांच्या यादीतलं सगळं पहिल्या दिवसापासून मिळतं असं तो धरून चालतो. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला. तेव्हा लागू असतात फक्त दोन 'परंपरा', म्हणजे सुरुवातीपासूनचे बोनस. पुढच्या सात 'राष्ट्रीय कल्पना', म्हणजे त्या राज्याचे खास बोनस, एकेक करून उघडतात. आपण निवडलेल्या कल्पना-गटांतल्या तीन कल्पना खेळातले गुण मोजून घेतल्या की राष्ट्रीय एक. म्हणजे सातांसाठी २१. तेव्हा राज्य निवडताना शेवटची ओळ वाचून हुरळू नका, पहिल्या दोन-तीन वाचा. तेवढ्यावरच निम्मा खेळ काढायचा असतो.

बलाढ्य शेजारी सारखा जिंकतच असेल, तर आधी सेटिंग उघडून 'लकी नेशन्स' बघा. 'हिस्टॉरिकल' असेल तर इतिहासात मोठ्या झालेल्या राज्यांना, संगणक ती चालवत असताना, गुपचूप हात दिला जातो. तुम्ही स्वतः तेच राज्य घेतलंत तर तो मिळत नाही. 'रँडम' किंवा 'नन' करून बघा, नकाशा ओळखू येणार नाही. आणि ब्रांडेनबर्ग या जर्मन राज्याचं प्रशिया करताना नव्या कल्पना घ्यायच्या का असं विचारणारी खिडकी येते, ती न वाचता बंद करू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र खेळाबाहेरची: बोनस म्हणजे त्या लोकांच्या रक्तातलाच गुण, असं मानणं. बोनस लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला तो ठाऊक नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला गोवा घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकलं, २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. तेही तिमय्या या इथल्याच आरमारी सरदाराच्या मदतीने. १६८३ मध्ये संभाजी महाराज राजधानीच्या दारात होते, मोगल फौज आली म्हणून माघारी वळले. १७३९ मध्ये मराठे गोव्यातल्या साष्टीत घुसले होते. आपण सहज म्हणतो, गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज. आमचा फोंडा त्यांच्या हाती कायमचा आला १७६३ मध्ये, पेडणे तर १७८८ मध्ये. १९६१ पर्यंत मोजा, दोनशेही भरत नाहीत. हे कुठल्या बोनसात बसवणार?

भाच्याला म्हटलं, विजयनगर घे, लकी नेशन्स बंद कर. बहमनींनी त्याला दोनदा गिळलं. तिसरा डाव चालू आहे, आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाही.