दहा बाय दहाच्या जादा खोलीत टीव्हीची खोली कशी बसवायची, आणि पाहुण्यांची जागाही कशी राखायची

आपल्या खान्देशात घरात एखादी खोली जादा असली तरी ती खरं तर रिकामी नसतेच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-बहिणी येतात, श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमतात, दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस तिथेच भरून ठेवलेला असतो, आणि उरलेले दिवस तिथे पत्र्याच्या पेट्या, गाद्या, तुटकी खुर्ची. त्यामुळे इंटरनेटवरचे ते काळ्या रंगाचे, रिक्लायनरवाले होम थिएटर बघून तसंच करायला जाऊ नका, तसं केलं तर पहिल्या आखाजीलाच घरात भांडण होईल. खोली अशी करायची की रोज पिक्चर, मॅच, अहिराणी गाणी, पोरांचे गेम सगळं मस्त चालेल आणि पाहुणे आले की तीच खोली पंधरा मिनिटांत झोपायची होईल. हे जमतं. फक्त पैसे आधी खोलीवर घालायचे आणि मशीनवर नंतर, बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आधी उन्हाचं बघा. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही असा, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे कुणाला सांगायला नको, आणि वरच्या मजल्यावरची खोली असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती गरमी खाली सोडत राहतो, म्हणजे नेमकं आपण टीव्ही बघतो त्याच वेळेला. म्हणून एसीचा विचार करायच्या आधी गच्चीवर चढा. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात पांढरे मारा किंवा बाजारात मिळतो तो ऊन परतवणारा रंग मारा, फरक हाताला लागतो. ओली गोणपाटं टाकायची जुनी पद्धत चांगलीच आहे पण उन्हाळ्यात तेवढं पाणी कुणाकडे आहे. पश्चिमेची खिडकी असेल तर बाहेरून हिरवी जाळी किंवा ताट्या लावा, ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे, आत पडदा लावून अर्धंच काम होतं.

मग एसी की कूलर? शंभर स्क्वेअर फुटाला एरवी एक टनाचा एसी पुरतो, पण वर गच्ची आणि पश्चिमेची भिंत असं दोन्ही असेल तर दीड टनाचा घ्या, नाहीतर तो दुपारभर थांबणारच नाही. कूलरचं असं आहे की त्याला हवा बाहेर जायला वाट लागते, खिडकी-दार बंद केलं तर खोलीत नुसता दमटपणा भरतो आणि तो दमटपणा टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, रिमोट सगळ्यांच्या आत जातो. आणि पत्र्याच्या कूलरचा आवाज इतका की संवाद ऐकायला टीव्ही दुप्पट मोठा करावा लागतो. तरी बजेट कूलरचंच असेल तर तो खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसवा, हवेचा झोत टीव्हीच्या दिशेने येऊ देऊ नका, आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा. पावसाळ्यात तर त्याचा उपयोगच नाही, तेव्हा पंखाच चालवायचा आहे.

खोलीत आधी कापूस भरलेला असेल तर एक गोष्ट नक्की करा. कापूस निघाला की नुसता झाडू मारून भागत नाही, ती बारीक तूस आणि त्यातली कीड भिंतीच्या भेगांत, खिडकीच्या चौकटीत बसून राहते, घरात अंगाला खाज सुटते ती त्यामुळेच. भिंती ओल्या फडक्याने पुसून घ्या, भेगा भरा, दोन-तीन दिवस उन्हं आत येऊ द्या आणि मगच रंग द्या. आणि एकदा तिथे वायरिंग, टीव्ही, बोर्ड बसले की त्या खोलीत पुन्हा सुटा कापूस भरायचा नाही. एक ठिणगी पुरते. वर्षाचा माल आणि घर दोन्ही जातं, याबाबतीत कुणाचं ऐकू नका.

आता वायरिंग, कारण रंगाच्या आधी हेच करावं लागतं. जुन्या खोलीत बहुतेक एकच बोर्ड असतो आणि त्यावरच पंखा, लाईट, मोबाईल सगळं. टीव्हीच्या भिंतीवर कमीत कमी सहा सॉकेट काढा, त्यांची वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, एसीची लाईन पूर्ण वेगळी, ४ स्क्वेअर एमएम वायर आणि स्वतःचा एमसीबी (जादा करंट आला की लाईन तोडणारा स्विच). ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) मेन बोर्डात नसेल तर याच कामात बसवून घ्या, पोरं त्या खोलीत लोळणार आहेत. अर्थिंग तपासून घ्या म्हणजे नुसतं वायरमन हो म्हणाला असं नाही, टेस्टिंग करून. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो आणि मग अर्थिंग नावालाच राहतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

व्होल्टेजचं दुखणं गावाकडे जास्त. पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, पण आजकालचे बरेच टीव्ही १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतात (मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बघून घ्या), त्यांना कमी व्होल्टेजने सहसा काही होत नाही. त्यांना मारतं ते जास्त व्होल्टेज. गल्लीतला न्यूट्रल तुटला की घरात दोनशे तीसच्या जागी पार चारशेच्या जवळ येऊ शकतं आणि एका मिनिटात टीव्ही, फ्रीज, चार्जर सगळं जातं. म्हणून एसीला स्टॅबिलायझर आणि टीव्हीच्या लाईनला जास्त व्होल्टेज आलं की आपोआप तोडणारं प्रोटेक्टर, ते डीबीमध्ये (मेन बोर्डात) बसतं, टीव्हीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. साधा स्पाईक गार्ड हे काम करत नाही. आणि वैशाखात वादळ-विजा सुरू झाल्या की टीव्हीचा प्लग, डिशची केबल आणि नेटची वायर तिन्ही काढून ठेवा, वीज बऱ्याचदा केबलमधूनच आत येते.

लाईट गेल्यावरही मॅच चालू राहावी असं वाटत असेल (वाटणारच) तर हिशोब सोपा आहे. ५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १२० वॅट, साउंडबार ४०, राउटर १०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, झाले २००. घरातली १५० एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल आणि तिच्यावर बाकी काही नसेल तर ४-५ तास निघतात. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला लोक विसरतात आणि मग टीव्ही चालू, नेट बंद.

भिंत फोडलेलीच आहे तर टीव्हीपासून मागच्या भिंतीपर्यंत एक रिकामा पाईप टाकून ठेवा, निदान सव्वा इंची, कारण एचडीएमआयचं तोंड मोठं असतं आणि काटकोनात वळवलेल्या पाईपातून ते जातच नाही, वळण गोल ठेवा. आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे कुठलीही वायर ओढता येते. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर कॅट ६ केबल (नेटची वायर) याच वेळी टाका, आपल्या जाड भिंतींतून वायफाय मरतं. फोर-के बघायला १५ ते २५ एमबीपीएस नेट पुरतं, फक्त ते टीव्हीपर्यंत पोचलं पाहिजे.

टीव्ही किती इंची? दहा फुटी खोलीत टीव्ही एका भिंतीवर आणि आपण समोरच्या भिंतीकडे बसलो तर डोळ्यापासून पडदा साडेसात-आठ फुटांवर येतो. त्याला ५५ इंची एकदम बरोबर बसतो, ६५ पण चालतो, ४३ घेतला तर मात्र खोली केल्यासारखं वाटणार नाही. प्रोजेक्टरचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण साध्या प्रोजेक्टरला नऊ फुटांतून जेमतेम ८० इंचाच्या आसपास चित्र मिळतं, त्याचा पंखा डोक्यावर घोंघावतो, आपल्याकडची धूळ त्याच्या फिल्टरमध्ये बसते आणि गरमीत तो स्वतःच तापून बंद पडू शकतो. माझं मत स्पष्ट आहे, खान्देशात लहान खोलीला टीव्हीच. उंची ठरवताना आधी खाली गादीवर बसून डोळ्याची उंची मोजा, पडद्याचा मध्य त्याच रेषेत यावा. लोक फोटो फ्रेमच्या उंचीवर टीव्ही टांगतात आणि मग दोन तास मान वर. जुनी मातीची भिंत किंवा भुसभुशीत प्लास्टर असेल तर टांगूच नका, खाली ठोकळ्यावर किंवा बुटक्या कपाटावर ठेवा.

आता आवाज. दहा बाय दहा ही आवाजासाठी सगळ्यात वाईट खोली, कारण लांबी-रुंदी सारखी असली की ५६ हर्ट्झच्या आसपासचा बेस (खालचा, जाड आवाज) दोन्ही बाजूंनी एकाच जागी साचतो, आणि उंचीही दहा फूट असेल तर तिन्ही बाजूंनी. खोलीच्या बरोबर मधोमध बसलं की तोच बेस गायब होतो आणि भिंतीला पाठ टेकवून बसलं की छातीवर बसतो. म्हणून कान मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येतील असं बसा. पाठीमागे जाड लोड ठेवले की हे आपोआप होतं.

आणि इथेच आपल्याकडची खरी श्रीमंती कामाला येते ती म्हणजे कापूस. फोमचे ते टोकेरी काळे तुकडे घेऊ नका, पातळ असतात, फक्त वरचा किरकिरा आवाज खातात. अंड्यांचे ट्रे तर सोडूनच द्या. पिंजाऱ्याकडून दोन फूट बाय चार फुटांच्या, चार इंच जाडीच्या घट्ट गाद्या भरून घ्या, वर खादीचं किंवा मांजरपाटाचं साधं कापड, रेक्झिन नको कारण त्यावरून आवाज परत उडतो. लाकडी चौकटीत बसवून भिंतीवर टांगा, बोर्ड-सॉकेटपासून चांगल्या लांब. कुठे टांगायच्या ते असं कळतं: तुम्ही तुमच्या जागी बसा, पोराला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे एक गादी. दोन्ही बाजूंना एक-एक आणि मागच्या भिंतीवर दोन, एवढ्यात खोलीचा घुमणारा आवाज बसतो आणि संवाद स्वच्छ ऐकू यायला लागतात.

पाहुण्यांच्या गाद्या, उश्या, गोधड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्नही यातच सुटतो. मागच्या दोन कोपऱ्यांत त्यांची चळत जमिनीपासून जितकी वर जाईल तितकी रचा, वरून चादर टाका. बेस कोपऱ्यातच जास्त साचतो आणि जाड कापूस त्यातला बराचसा शोषतो, अगदी खालचा ५६ वाला नाही, पण त्याच्या वरचा गडगडाट नक्की कमी होतो. आखाजीला त्या गाद्या निघतात तेव्हा आवाज थोडा बदलतो, पण तेव्हा खोलीत माणसंच इतकी असतात की तीच आवाज शोषतात.

बसायला सोफा नको. तीन फूट खोली सोफाच खातो. जमिनीवर सलग सहा इंची गादी, मागे लोड, आणि हवं तर मागच्या रांगेला बुटकी लाकडी चौकी ज्याच्या आत ब्लँकेट मावतात. आजी-आजोबांना खाली बसता-उठता येत नाही, त्यांच्यासाठी एक हात असलेली खुर्ची कोपऱ्यात कायम ठेवा, ही खोली त्यांचीही आहे.

रंगाबद्दल थोडक्यात: ऑइल पेंट अजिबात नको, चमकतो आणि पडद्याचं प्रतिबिंब पडतं. मॅट रंग घ्या, टीव्हीमागची भिंत गडद राखाडी, बाकीच्या फिकट मातकट चालतील, सगळी खोली काळी केली तर पाहुण्यांना दिवसा कोंडल्यासारखं होतं. टीव्हीच्या मागे एक बारीक एलईडी पट्टी, ६५०० केल्विनची पांढरी, अंधारात बघताना डोळे कमी थकतात.

स्पीकर किती? लहान खोलीत पाच स्पीकर बसवता येतात, पण मागचे दोन कानाला इतके जवळ येतात की आवाज वेगळाच वाटत राहतो. दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर किंवा बरा साउंडबार, आणि एक छोटा सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर), बस. टीव्हीला एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधूनच जोडा म्हणजे एकाच रिमोटने काम होतं. सबवूफर कुठे ठेवायचा ते शोधायची एक पद्धत आहे, तो उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ढोलकी-संबळवाजंत्रीचं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने जमिनीवर रांगत फिरा, जिथे ठोका घट्ट आणि साफ ऐकू येईल तिथे तो ठेवायचा.

शेजाऱ्यांचं मात्र या गाद्यांनी भागत नाही हे समजून घ्या. गाद्या आतला घुमणारा आवाज कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. तो जातो फटींतून, म्हणून दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रश, खिडकीला जाड पडदा, यानेच बराच फरक पडतो, शिवाय वावटळीची धूळ, पाली आणि उंदीर पण बाहेर राहतात (उंदरांना स्पीकरच्या वायरी फार आवडतात, खाली सुट्या सोडू नका). बेस मात्र भिंत आणि जमिनीतून जातो. सबवूफरखाली जाड रबराची चटई घाला, सामाईक भिंतीपासून तो लांब ठेवा आणि रात्री दहानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये नाईट मोड चालू करा, त्यात स्फोट-धडाम दबतात आणि बोलणं वर येतं.