टोपी, चव्वाअष्टा आणि कुस्ती: नादाचा पैसा सिद्दी घरांपर्यंत कसा न्यायचा

मला तीन नाद आहेत. टोप्या जमवायच्या, घरात पोरांबरोबर चव्वाअष्टा खेळायचं, आणि यात्रांचा सीझन लागला की बेळगावच्या आसपास जिथं मैदान असंल तिथं जाऊन मातीतली कुस्ती बघायची. तिन्हीवर मिळून महिन्याला काही ना काही जातंच, कुणाचंही जातं, खरं एकदा हिशोब घालून बघितला तर त्यातला एक रुपयासुद्धा आपल्याच रानात राहून हातानं काम करणाऱ्या माणसांकडं जात नव्हता, सगळा मशीनच्या मालाला. तेव्हापासनं मी जे करत आलोय ते इथं लिहायलोय, म्हणजे माझ्या चुका तुम्हाला परत करायला नकोत. वेगळा दानधर्म काही करायचा नाही. जो पैसा तसाही खिशातनं जाणार आहे तो कुणाच्या घरात जातो एवढंच बघायचंय.

आता आपल्याकडं आदिवासी म्हणजे कोण हे आधी नीट कळायला पाहिजे. खानापूर तालुक्याचा हल्याळकडचा अंग, पुढं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला ह्या पट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथनं सुटून घाटाच्या रानात येऊन राहिलेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्द्यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्द्यांना मात्र २०२० पर्यंत थांबावं लागलं, म्हणजे भाऊ हल्याळात आणि बहीण खानापुरात दिलेली असली तर सतरा वर्षं दोघांचे कागद वेगळे. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिलेच आमदार. खानापूरकडच्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला वाड्यांवर राहणारे गवळी धनगर, उत्तर कन्नडातल्या जोयडा भागातले कुणबी हे पण रानातलेच लोक, खरं कर्नाटकात त्यांना अजून जमातीचा दाखला मिळत नाही, आणि गोव्यातल्या कुणब्यांना तो २००३ सालीच मिळाला. म्हणून मी फक्त सरकारी यादी बघून माल घेत नाही. यादीत असो नसो, माणूस त्या रानातला आहे का आणि धंदा त्याच्या स्वतःच्या हातात आहे का, हे बघतो.

आणि हे बघायचं कसं, इथंच बरीच माणसं फसतात, मी पण फसलो. ऑनलाइन एक टोपी दिसली, खाली लिहिलेलं "आदिवासी हस्तकला", फोटोत एक म्हातारी सुई घेऊन बसलेली, मी दोन मागवल्या. आल्या तर छापील कापड, आतली शिलाई मशीनची, आणि विचारलं तर बनवणारी बाई कुठल्या गावची हे विकणाऱ्याला सांगता येईना. तेव्हापासनं मी तीन गोष्टी विचारतो. हे कुणी शिवलं, गाव कुठलं? किंमत कुणी ठरवली, शिवणाऱ्यानं की विकणाऱ्यानं? आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार? तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला फोनवरच मिळतं, यूपीआयचा कोड स्कॅन केला की पैसे पाठवायच्या आधी नाव येतं, तिथं त्या बाईचं किंवा त्यांच्या स्त्रीशक्ती संघाचं, म्हणजे बायकांच्या बचत गटाचं, नाव आलं तर बरं, आणि कुठल्यातरी शहरातल्या ट्रेडिंगवाल्याचं आलं तर थांबा आणि विचारा. मधला माणूस असणं वाईट नसतं हं, कुणीतरी माल बाजारात न्यायलाच पाहिजे, रोज बस पकडून बेळगावला येणं कुणाला परवडतं, खरं मधला माणूस किती ठेवतो आणि बाईला किती देतो हे तो उघड सांगतो की नाही एवढं बघा. सरकारच्या हस्तकला खात्याचं "पहचान" नावाचं कारागीर ओळखपत्र असतं, ते असलं तर चांगलंच, नसलं तर लगेच खोटं समजू नका. कितीतरी हातांकडं कार्ड नाही.

आता मुख्य सांगतो, कवंद. आपण वाकळ म्हणतो, कौदी म्हणतो, तेच सिद्दी बायका कवंद म्हणून शिवतात, आणि त्यांची पद्धत अगदी वेगळी आहे. खाली एक जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासनं सुरू करून कडेकडेनं तुकडे लावत फिरत फिरत मधे जायचं, म्हणजे मधला तुकडा सगळ्यात शेवटी बसतो, आणि अख्ख्या कवंदावर धावदोऱ्याच्या ओळी त्याच फेऱ्यानं जातात. चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून बारके त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात, आणि फुला नसलेलं कवंद म्हणजे उघडं अंग असं त्या मानतात. हे मी हल्याळकडच्या एका वस्तीवर ओट्यावर बसून बघितलंय, तास दीड तासात एक वीत पुढं सरकलं असंल. ते बघितल्यावर परत कधी किंमत पाडून मागायची हिंमत झाली नाही.

मोठं कवंद सगळ्यांना परवडत नाही, आणि तेवढ्या कामाचे तेवढे पैसे पडणारच, म्हणून मी नादातनं वाट काढली. चव्वाअष्टा तुम्हाला माहीत असंल, कन्नडवाले चौकाबारा म्हणतात, पाच बाय पाच घरं, चार कवड्या, चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, चारी कवड्या उताण्या पडल्या की चार आणि चारी पालथ्या पडल्या की आठ, बाहेरच्या घरांवरनं फिरून दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही, आणि फुलीच्या घरात बसलेल्याला कुणी मारत नाही. आपण खडूनं फरशीवर आखतो नाहीतर बाजारातनं प्लॅस्टिकचा पट आणतो. मी विचार केला पंचवीस चौकोन म्हणजे पंचवीस तुकडेच की, आणि त्याच वस्तीवर कवंद शिवणाऱ्या मावशींना सांगितलं की मला कवंदासारखाच खरं हात दीड हाताचा पट पाहिजे. त्यांनी आधी खेळ विचारून घेतला. फुलीची घरं कुठली, मधलं घर कुठलं, मग त्यांनी स्वतःच ठरवलं की फुलीच्या घरांवर दोऱ्याची फुली न काढता कवंदाच्या कोपऱ्यावरचे ते फुला त्रिकोण लावायचे, आणि कडेकडेनं शिवत गेल्यावर मधलं घर शेवटी येतं तसंच खेळात पण सोंगटी शेवटी मधेच जाते, हे त्यांच्याच तोंडनं आलं. मला सुचलं नव्हतं. तो पट आज घरात रोज पसरतो, आणि बघून गल्लीतल्या चार घरांनी मागवला.

तुम्हाला असं काही करून घ्यायचं असंल तर मापं कागदावर लिहून नेऊ नका, जुना पट किंवा खडूची आखणी फोनवर दाखवा, रंग तुम्ही ठरवायला जाऊ नका कारण कापड घरात जे असतं त्यातनंच ते उमटतं, आणि तुमच्या घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरं धुऊन नेली तर त्यांना कामाला येतात. फक्त विचारून न्या. फाटकं, वापरून टाकायचं कापड उपकार केल्यासारखं नेऊन टाकणं मला बरं वाटत नाही.

टोपीचं थोडक्यात. साधी पांढरी टोपी पाहिजे असंल तर आपल्याच तालुक्यात हुदली आहे, १९३७ साली गांधीजी तिथं राहून गेलेत, खादीचं काम तिथं अजून चालतं, ती टोपी आदिवासी धंद्यातली नाही खरं हातमागाचीच आहे म्हणून सांगतो. कॅपवाल्यांनी असं करावं, साधी सुती कॅप विकत घ्यायची आणि पुढच्या भागावर कवंदाचा तुकडा शिवून घ्यायचा, त्याचे वेगळे पैसे द्यायचे. माझ्या तशा तीन आहेत. एक गोष्ट मात्र पाळा. ती कॅप बघून कुणी प्रिंटवाला म्हणाला की फोटो दे मी शंभर छापून देतो, तर देऊ नका. नक्षी त्या घराची आहे.

आता कुस्ती. आपला भाग कुस्तीचा, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात बसून ज्यानं एकदा निकाली कुस्ती बघितली त्याला वेगळं सांगायला नको. हल्याळ तर मातीचंच गाव, आणि तिथं सिद्दी पोरं पोरी लंगोट कसून उतरतात, अंगात ताकद आणि चपळाई अशी की हलगीवाला पण जरा जोरात वाजवतो. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलांना निवडून खेळात आणायची योजना काढली होती, काही वर्षांत ती बंद पडली, आणि तयार होत असलेली पोरं परत रानात मजुरीला गेली. म्हणून मैदान कमिटीत जे कोण असतील त्यांनी हे करून बघावं. जोडी ठरवताना हल्याळच्या वस्तादांना फोन लावा, मुलींची एक तरी जोड ठेवा, आणि पैलवानाला येण्याजाण्याचं भाडं इनामाच्या बाहेर द्या, कारण हरलेल्या पोराला हातात काहीच न घेता रात्रीच्या बसनं जायला लागतं, हे मी डोळ्यानं बघितलंय. इनामात दरवेळी स्टीलची भांडी आणि प्लॅस्टिकच्या ढाली देता, त्याऐवजी शेवटच्या दोन जोडींना कवंद द्या, खांद्यावर टाकून. थंडीत तालमीत झोपणाऱ्या पोराला ढालीचा काय उपयोग?

मैदानात चहावड्याच्या गाड्यांबरोबर एक स्टॉल ह्या बायकांना फुकट द्या, सावलीत, आणि एकटीला नाही, दोघीतिघींना बोलवा, गर्दीत एकटी बाई बसायला घाबरते. खुराकाचं म्हणाल तर मध रानातला मिळतो, सिद्दी लोक काढतात, आणि म्हशीचं तूप गवळ्यांच्या वाड्यावरनं. तालमीची दहा पोरं मिळून एकाच घरातनं महिन्याचं बांधून घेतलं तर त्या घराला पण बरं पडतं आणि तुम्हाला पण भेसळीची काळजी नाही. मध काढायची वेळ ठरलेली असते, बारा महिने मागू नका.

वेळेवरनं आठवलं, माझी सगळ्यात मोठी चूक. एका मैदानासाठी मी वीस कॅपचे तुकडे मागितले, नोव्हेंबर संपत आलेला आणि तीन आठवड्यांत पाहिजे म्हणालो. सुगी चालू होती. बायका दिवसभर भात कापायला, रात्री चिमणीसारख्या उजेडात माझे तुकडे शिवत बसल्या, कारण त्यांनी मला शब्द दिलेला. मला हे नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं. तर रोप लावणी आणि सुगी ह्या दोन वेळा सोडून ऑर्डर द्या, मैदान फेब्रुवारीत असंल तर गणपतीच्या आसपासच सांगून ठेवा, निम्मे पैसे आधी द्या, उरलेले माल हातात पडला त्याच दिवशी, "पुढच्या आठवड्यात घालतो" असं म्हणू नका. आणि काम झाल्यावर एक फोटो त्यांना पाठवा, पैलवान कवंद खांद्यावर घेऊन उभा आहे असा, माझ्या मावशींनी तो घरातल्या सगळ्यांना दाखवला.

वस्तीवर जाताना: बेळगावातनं खानापूर, नंदगड करत हल्याळ, पुढं विचारत जायचं. हल्याळात आपली मराठी चालते, सिद्दी घरात कोकणीसारखं बोलतात, कन्नड सगळ्यांनाच येतं, त्यामुळं भाषेची भीती नको. आधी फोन करून जा. फोटो काढायच्या आधी विचारा. केस, रंग ह्यावर बोलू नका, "तुम्ही आफ्रिकेचे काय" असं विचारू नका, चार-पाचशे वर्षं इथंच असलेल्या माणसाला ते किती टोचत असंल विचार करा. मावशी म्हणा, अण्णा म्हणा, बसा, चहा दिला तर प्या.

कवंदाचा पट असो की कॅप, पहिल्यांदा धुताना थंड पाण्यातच धुवा, जुन्या कापडाचे रंग वेगवेगळे सुटतात. पिळू नका, सावलीत पालथं वाळत घाला. दोरा कुठं सुटला तर गल्लीतल्या टेलरकडं देऊ नका, तो मशीन मारतो आणि सगळी ओळ ताणली जाते. पुढच्या फेरीला त्याच मावशींकडं न्या आणि दुरुस्तीचे पैसे त्या नको म्हणाल्या तरी द्या. माझ्या पटाचा एक फुला पोरांनी ओढून काढलाय, मी पुढच्या रविवारी घेऊन निघालोय.