सफरचंदाचं कलम: लावण्यापासून विरळणीपर्यंत

बी पेरून सफरचंद लावू नका. बियांच्या झाडाला मूळ जातीसारखं फळ येत नाही, आणि वाटही बरीच वर्षं पाहावी लागते. कलमच आणा. जात निवडताना आधी थंडी बघा, मग चव. बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखाली ८०० ते १००० तास लागतात. ॲना, डॉर्सेट गोल्डन यांना ३०० तासांच्या आसपास पुरतात. थंडी अपुरी पडली की डोळे मागेपुढे फुटतात आणि फुलं तुरळक येतात. परागीकरणासाठी एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती हव्यात. ॲना आणि डॉर्सेट गोल्डन यांची जोडी चांगली जमते.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण खोली मुळांपुरतीच ठेवा. कलमाचा सांधा, म्हणजे वरची काडी खालच्या मुळांच्या खुंटाला जोडलेली असते ती जागा, जमिनीच्या ५ ते ८ सेंटिमीटर वर राहिलाच पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात, ठेंगण्या खुंटाचा उपयोग संपतो आणि झाड हाताबाहेर वाढतं. ही चूक कळते तेव्हा काही वर्षं निघून गेलेली असतात. खड्ड्यात ताजं शेण घालू नका. पालापाचोळ्याचं ८ सेंटिमीटर आच्छादन द्या, मात्र खोडापासून वीतभर लांब. ओला पाला टेकून राहिला की साल कुजते.

छाटणी पानगळीनंतर, डोळे फुटण्याआधी. सरळ वर जाणारी फांदी नुसती वाढते, कललेली फळते. म्हणून कोवळ्या फांद्या दोरीनं ओढून खोडाशी ६० अंशांच्या कोनात बांधा. जुन्या फांद्यांवरच्या आखूड, गाठाळ काड्या वाळलेल्या समजून काढू नका, फळं वर्षानुवर्षं त्यांवरच लागतात.

विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं तोडणं, करताना हात धजत नाही, पण ती कराच. फळं गोटीएवढी झाली की झुपक्यात एकच ठेवा, दोन फळांत १५ सेंटिमीटर अंतर. वाढत्या बियांमधली संप्रेरकं पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या रोखतात, त्यामुळे यंदा लगडलेलं झाड पुढच्या वर्षी रिकामं राहतं. फुलोऱ्यानंतर महिन्याभरात विरळणी झाली तरच हे टळतं. उशिरा केल्यास फळं थोडी मोठी होतील, एवढंच.

पानांवर हिरवट-काळे मखमली डाग दिसले तर तो खवड्या, म्हणजे बुरशीचा रोग. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, तेव्हा झाडाखालचं पान न् पान गोळा करून बागेबाहेर टाका.