पोलंडच्या राजचिन्हांचा अभ्यास कसा करावा

पोलंडच्या राजचिन्हांचा अभ्यास मुकुटापासून सुरू करू नये, कारण ज्या मुकुटाने पिढ्यान्‌पिढ्या राज्याभिषेक झाले, तो आज उरलेलाच नाही. १७९५ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सैन्याने क्राकूव्हच्या वावेल किल्ल्यातील खजिना लुटला, १८०९ मध्ये मुकुट वितळवण्यात आला आणि पुढे त्या सोन्याची नाणी पाडली गेली. म्हणून कोणतीही वस्तू पाहताना ती अभिषेकाची आहे, थडग्यातली आहे की नंतर घडवलेली आहे, हे आधी ठरवावे.

अभिषेकाची तलवार श्चेर्ब्येत्स मात्र वाचली आणि ती वावेलमध्येच आहे. तिच्यासमोर सावकाश उभे राहावे. पात्यात एक अरुंद खाच असून तिच्यात पोलंडचा गरुड असलेली लहानशी ढाल बसवलेली दिसते. मुठीवरच्या सोन्याच्या पत्र्यांवर ख्रिस्ती शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्या संतांची, चिन्हे कोरलेली आहेत. राजा बोलेस्वाव्ह ख्रोब्रीने १०१८ मध्ये कीवच्या सुवर्णद्वारावर हीच तलवार मारली, अशी दंतकथा सांगितली जाते. येथे सनावळी ताडून पाहावी: ते द्वार १०३७ च्या सुमारास बांधले गेले आणि तलवार त्याहूनही पुढच्या काळातली आहे. दंतकथा टाकून देऊ नये, पण ती पुरावा म्हणून वापरू नये.

त्यानंतर वस्तूचा प्रवास लिहून काढावा. माझ्या मते खरा इतिहास तिथेच हाती लागतो. १३२० ते १७६४ या काळात बहुतेक राजांच्या अभिषेकात वापरलेली ही तलवार लुटीनंतर अनेकांच्या हातांतून रशियातील हर्मिटाज संग्रहालयात पोहोचली, १९२८ मध्ये पोलंडला परत मिळाली, १९३९ मध्ये युद्धामुळे देशाबाहेर हलवून कॅनडात ठेवली गेली आणि १९५९ मध्ये पुन्हा वावेलला आली.

थडग्यातली चिन्हे वेगळ्या नजरेने पाहावीत. राजा तिसऱ्या काझिमिएझचे थडगे १८६९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी अनपेक्षितपणे उघडले, तेव्हा मिळालेला मुकुट सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा होता. राणी याद्विगाचा राजदंड तर लाकडी आहे. तिने आपले दागिने क्राकूव्हच्या विद्यापीठासाठी दिले होते. साध्या धातूवरून किंवा लाकडावरून राजसत्तेच्या ऐपतीचा अंदाज बांधू नये, कारण या वस्तू अभिषेकासाठी नव्हे, दफनासाठी घडवल्या होत्या.

वॉर्सॉच्या राष्ट्रीय संग्रहालयातील राजा तिसऱ्या ऑगस्टसचा मुकुट जुन्या अभिषेक-मुकुटाशी जोडू नये. १७३४ च्या अभिषेकाच्या वेळी मूळ राजचिन्हे गादीच्या प्रतिस्पर्धी दावेदाराच्या समर्थकांनी लपवून ठेवली होती, त्यामुळे त्याच्यासाठी नवा संच घडवावा लागला.