चादरीच्या दुकानाची वेबसाइट तपासायची कशी

सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या ओळखीच्या कुणाची नवीन वेबसाइट झाली की मला लिंक येते. ‘ताई, जरा नजर टाका.’ मी आधी नवी पेठेत काउंटरवर चादरी विकायचे, आता ऑर्डरी सांभाळते. त्यामुळे रंग-बिंग मी शेवटी बघते. पहिला प्रश्न माझा ठरलेला: फोनवर गिऱ्हाईक काय काय विचारतं, ते लिहून ठेवलंय का?

नसेल तर काउंटरवर एक वही ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक फोनचा, व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न तिच्यात टिपा. डबल बेडला पुरेल का? रंग जातो का? एक नग देता की घाऊकच? नाशिकला कधी पोचेल? जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, त्याचं उत्तर वेबसाइटवर एकतर नाही, नाहीतर कुठेतरी दडलंय. सुधारणेची यादी या वहीतूनच काढायची.

दुसरं काम माणसाचं. वेबसाइट कधी न पाहिलेली एखादी मावशी किंवा शेजारचा पोरगा बोलवा, हातात साधा फोन द्या, वायफाय बंद करा. सांगा, ‘डबल बेडची चादर शोध, पुण्याला मागवायला एकूण किती पैसे पडतील ते बघ.’ मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड जातं, कारण मालकाला राहवत नाही; ‘अगं, तिथं वर तीन रेषा आहेत ना, त्या दाब’ असं तोंडातून निघतंच. गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही सांगायला नसता. बोट कुठे अडलं, ते फक्त लिहा. हीच परीक्षा एकदा दुपारी बाहेर उन्हात घ्या. डिझायनरला आवडणारी फिकट करडी अक्षरं आमच्या मे महिन्यात दिसतसुद्धा नाहीत.

आता मालाचं पान. बहुतेकांचा फोटो म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चादर, वर ट्यूबलाइटची चमक. काउंटरवर अशी चादर कुणी घेईल का? गिऱ्हाईक ती उलगडायला लावतं, उलटी करून बघतं. जेकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीत नक्षी दोन्ही बाजूंनी असते, रंग मात्र उलटे, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. एक पलंगावर अंथरलेला, एक काठ आणि वीण जवळून दाखवणारा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढा. माप इंचात द्या आणि सिंगलला की डबलला, तेही लिहा. टॉवेलला नुसतं ‘४०० जीएसएम’ (एका चौरस मीटरचं वजन ४०० ग्रॅम) लिहून घरच्या माणसाला काही कळत नाही. ३० बाय ६० इंचांचा तसा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम भरतो. ग्रॅम लिहिले की कळतं. किंमत लपवून ‘भावासाठी संपर्क करा’ लिहिणं घाऊक मालाला चालेल. एक नग घेणारा फोन करत बसत नाही, दुसरीकडे जातो. पोस्टेज धरून होणारी रक्कमही पैसे भरायच्या पानाआधीच दिसली पाहिजे.

हेच फोटो वेबसाइट जड करतात. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात साठवा, सहसा दोनशे केबीच्या आत बसतो. मग वेबसाइटचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये तिचा पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका.

पत्त्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. ‘एमआयडीसी, सोलापूर’ एवढंच लिहिलेलं मी किती वेळा खोडायला लावलंय! एक एमआयडीसी अक्कलकोट रोडला, दुसरी चिंचोळीला, पुण्याच्या वाटेवर. तुळजापूर, अक्कलकोट करून येणारे लोक गाडीतूनच दुकान शोधतात. चुकीच्या एमआयडीसीत पोचले तर ते परत फिरून येत नाहीत. रोड, खूण, पिनकोड, वेळ आणि सुट्टीचा वार लिहा, आणि गूगल मॅपवरही तेच ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत वेळ बदलत असेल तर दोन्हीकडे बदला.

फोन नंबर चित्रात नको, दाबला की लागणारा हवा. कारखान्यात माग चालू असताना फोनवर ऐकू काय येणार, डोंबल! म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचं बटण वर ठेवा. त्या लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करायचा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही. आणि बटण दुसऱ्याच्या फोनवरून दाबून बघा.

वेबसाइटवरून थेट विकत असाल तर २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिन्याभरात. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे बहुधा मालकच. शेंगा चटणीही ठेवत असाल तर तिच्या पानावर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) १४ आकडी नंबर लिहा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाचं. त्याचं चिन्ह तुमची रीतसर नोंद असेल तरच लावा. नसेल तर माल कुठल्या मागावर विणला, ते खरं खरं लिहा. बाहेरचा नकली माल याच नावानं विकला जातो, त्यामुळे मागाचा छोटा व्हिडिओ कुठल्याही ‘१०० टक्के अस्सल’च्या शिक्क्यापेक्षा जास्त पटतो.

शेवटी एक विचाराच, डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असतं, आणि तो नोकरीला पुण्याला गेलेला असतो. ते आजच स्वतःच्या नावावर करून घ्या आणि नूतनीकरणाची तारीख जीएसटीच्या तारखांशेजारी लिहून ठेवा.