आधी तारीख, मग ब्रँड: नागपुरात बिअर निवडण्याची आणि पिण्याची रीत

नागपुरात बिअर कारखान्यात क्वचितच बिघडते. ती बिघडते ट्रकमध्ये, गोदामात आणि दुकानातल्या पत्र्याखाली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर शिळी करणाऱ्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. २५ अंशांत चार महिने टिकणारी चव ४५ अंशांत दोन-चार आठवड्यांत संपते. म्हणून दुकानात गेल्यावर कोणती कंपनी हे नंतर ठरवा, आधी बाटली हातात घेऊन ती भरल्याची तारीख वाचा.

बाटलीवर तारीख लेबलवर किंवा मानेजवळ असते, कॅनवर तळाशी. उन्हाळ्यात दोन महिन्यांपेक्षा जुनी बिअर घेऊ नका, हिवाळ्यात तीन महिन्यांपर्यंत चालेल. ‘बेस्ट बिफोर’ सहा महिन्यांचं असलं तरी ते बऱ्या साठवणुकीला धरून आहे, तापलेल्या गोदामाला नाही. क्रेटमधली न घेता फ्रिजमधली मागा, आणि फ्रिजमधलीही ट्यूबलाइटच्या समोर उभी असलेली नको, मागच्या रांगेतली हवी. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की लसणासारखा, जळक्या रबरासारखा उग्र वास तयार होतो. थेट उन्हात यासाठी काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराचसा प्रकाश अडवते, हिरवी फार कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅन पूर्ण अडवतो. एकच बिअर कॅन आणि हिरवी बाटली अशा दोन्हींत मिळत असेल तर बेधडक कॅन घ्या.

आता आत काय असतं ते. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ मध्ये केलेल्या नियमात फक्त जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलं होतं, कारण यीस्टचं काम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. मटकीला आणतो तसेच मोड, फक्त ते पुढे वाढू न देता भट्टीत थांबवायचे. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. तो भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की विकरं पिठाची साखर करतात. भट्टीत ८० अंशांच्या आसपास वाळवलेला माल्ट बिस्किटासारखा लागतो आणि बिअर सोनेरी करतो. २०० अंशांच्या वर भाजला की कॉफी-कोकोसारखा कडवट, काळा होतो. स्टाउट या काळ्या बिअरचा रंग असा भाजणीतून येतो. काळी बिअर म्हणजे कडक बिअर हा समज चुकीचा आहे, ४ टक्क्यांचे स्टाउटही असतात.

हॉप्स ही एका वेलीची मादी फुलं. तासभर उकळली की कडूपणा उतरतो, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकली की लिंबू, फुलं, कच्चा आंबा अशा गंधांचा भाग राहतो. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात: हलक्या लागरला १० च्या आसपास, पिल्सनरला २५ ते ४०, आयपीएला, म्हणजे हॉप्स जास्त असलेल्या इंडिया पेल एलला, ४० ते ७०. यीस्टचे मुख्य दोन प्रकार. एल यीस्ट १८ ते २२ अंशांत काम करतं आणि फळांचे वास सोडतं, लागर यीस्ट ८ ते १४ अंशांत सावकाश आंबवून स्वच्छ चव देतं. पाण्याचाही हात असतोच. पिल्झेनचं पाणी मऊ होतं म्हणून १८४२ मध्ये तिथं सोनेरी पिल्सनर जमलं.

लेबलवर तांदूळ, मक्याचे फ्लेक्स किंवा साखर दिसली तर ती भेसळ समजू नका. त्याने बिअर हलकी आणि कोरडी होते. मात्र स्ट्राँगमध्ये साखर जास्त असेल तर अल्कोहोल वाढतं आणि माल्टची चव तेवढी वाढत नाही, मग घशात नुसता जाळ जाणवतो.

माइल्ड की स्ट्राँग, हे ठरवायला हिशेब करून बघा. ८ टक्के स्ट्राँगच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये जेमतेम १३ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार पेगांएवढी झाली, आणि ३३० मिलीच्या ५ टक्के माइल्ड पिंटच्या तिप्पट. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

बाटलीचं तोंड पाण्याच्या ग्लासात उलटं बुडवून ‘ग्लिसरीन काढणं’ बंदच करा. खाली उतरताना दिसणाऱ्या त्या तेलकट रेषा म्हणजे बिअरच आहे. ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे बिअर खाली जाते आणि तिच्या जागी पाणी बाटलीत चढतं. यीस्टने आंबवताना तयार केलेलं थोडं ग्लिसरॉल त्यात विरघळलेलंच असतं, ते असं सुटून बाहेर येत नाही. हाती उरते ती पाणचट, वायू गेलेली बिअर.

गारव्याचं म्हणाल तर लागर ४ ते ७ अंशांत, गव्हाची बिअर ५ ते ८, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १२. बर्फासारख्या गार स्टाउटची भाजणी जिभेला कळतच नाही. घाईत बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घाला, बाटली अधूनमधून फिरवा. १५ ते २० मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली उणे अडीच अंशांच्या आसपास गोठू लागते आणि फुगून तडकते. ग्लासात बर्फ टाकू नका.

ग्लासाला तेलाचा हात लागला की फेस टिकत नाही. चखण्याच्या ताटातलेच ग्लास न वापरता वेगळे धुवा, शेवटी सोड्याने घासून भरपूर पाण्यात खळबळा आणि उलटे टाकून वाळवा. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले तर ग्लास स्वच्छ नाही. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून निम्मी ओता, मग सरळ करून मधोमध ओता, दोन बोटं फेस येऊ द्या. फेस गंध धरून ठेवतो, आणि वायू थोडा आधीच सुटल्यामुळे पोटही फुगत नाही. न गाळलेल्या गव्हाच्या बिअरचा शेवटचा घोट बाटलीत गोल फिरवून तळाच्या यीस्टसकट ओतायचा.

सावजी मटणासोबत आयपीए आणि स्ट्राँग दोन्ही टाळा. अल्कोहोल आणि तिखट जिभेच्या एकाच जाणिवेला पेटवतात, कडूपणा वर धार लावतो. तिथं गव्हाची बिअर किंवा हलकी लागर हवी. भाजक्या काळ्या मसाल्याशी जुळवायचंच असेल तर गोडसर तपकिरी लागर. सांबारवडीला (म्हणजे कोथिंबिरीच्या वडीला) मात्र कडवट पिल्सनर झकास, तेल कापते आणि सांबाराचा हिरवा वास तसाच राहतो. विटबिअर या बेल्जियन प्रकारात धने आणि संत्र्याची साल घालतातच. डिसेंबरात संत्री आली की ग्लासाच्या काठावर सालीची एक चिमट मारून बघा, तेलाचा फवारा फेसावर बसतो. फोड आत टाकू नका.

वास बिघडलेला कळायला हवा. ओला पुठ्ठा म्हणजे शिळी. लोणी किंवा बटरस्कॉच म्हणजे आंबवण पुरतं झालं नाही. ड्राफ्ट बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागली तर नळ्या धुतलेल्या नाहीत, त्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. पहिल्या घोटाला हे जाणवलं तर ग्लास परत करा, संकोच करू नका.

महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, माइल्ड बिअरला किमान वय २१. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तेव्हा वर्धा रोडने पुढे जाताना डिक्कीत एक कॅनही नको. आणि प्यायल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

नवे प्रकार ओळखायचे असतील तर चौघांनी मिळून ३३० मिलीच्या तीन वेगळ्या बिअर आणा आणि प्रत्येकी ८० मिली वाटून घ्या. हलकी आधी, कडू मध्ये, काळी शेवटी. मधे पाणी आणि बिनमिठाचे फुटाणे. आधी वास घ्या, मग मोठा घोट घेऊन गिळा, कारण कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूलाही जाणवतो, आणि गिळल्यावर किती वेळ राहतो ते मोजा.